वाकळीचं पोट

नवा जिल्हा झाला आणि लातूरला कलेक्टर आला, आमच्या उदगीरला टँकर. पाऊस कुणाकडंच आला नाही. असं मी शाळेच्या गॅदरिंगच्या भाषणात म्हणाले होते आणि एवढ्या टाळ्या पडल्या, की तेव्हापासून मला कुणाचीच भीती वाटत नाही. मी शिवकांता, दहावी ब.

माझी माय, नीलाबाई, अगदी उलट. घरात पाहुणे आले तरी ती दाराआडून बोलणार. पण तिच्या हातात सुई आली की बघत राहावं. आमच्या अप्पांचं कापडाचं छोटं दुकान आहे. तिथले उरलेले तुकडे, जुन्या इरकली लुगड्यांचे काठ, फाटक्या सदऱ्यांच्या पाठी, असलं सगळं जोडून ती तान्ह्या बाळांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवते. बोटभर तुकडासुद्धा टाकत नाही. आजवर तिनं एकही वाकळ विकली नव्हती. गल्लीत कुणी बाळंत झालं की नेऊन द्यायची, बस्स.

आमच्या शिवणाच्या प्रेमला बाईंनी त्या वाकळी पाहिल्या आणि मला म्हणाल्या, "लातूरला तीन दिवस कलामेळा आहे. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्यांना विक्रीसाठी वेगळी पालं देणार आहेत. आईचं नाव देऊ का?" मी कुणाला विचारलंच नाही. देऊन टाकलं नाव!

अप्पा असे भडकले म्हणता! "लोक नवं कापड घ्यायला माझ्याकडं येतेत, आन् माझी बायको चिंध्या इकायला बसणार? महादेवप्पाची बायको?"

"चिंध्या न्हाईत त्या अप्पा, कला हाय."

"तू गप गं. एक भाषण काय दिलं, तोंडाला खीळच न्हाई."

तेवढ्यात चुलीपुढून आवाज आला, "एक दिस जाऊन बघू का?"

मायनं काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. अप्पांनीही बहुतेक पहिल्यांदाच.  मग म्हणाले, "एक दिस. पण कुणाचा एक जरी बोल ऐकावा लागला, तर सगळ्या चिंध्या बोहारणीला. परत सुई दिसली न्हाई पायजे."

मी मनात म्हटलं, बोल लावणारा अजून जन्माला यायचाय.

जायच्या आदल्या दुपारी माय भाकरी थापत होती. अकरा वाकळींचा एकेक कोपरा शिवायचा राहिला होता. आमच्यात वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी घालून मग टाका घालतात. त्याला वाकळीचं पोट भरणं म्हणतात. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो म्हणे. माय म्हणाली, "शिवे, दाणे घाल आन् कोपरे बंद कर तेवढे."

मी ज्वारीच्या डब्यात हात घातला. तळाला मूठभर होती. शेजारीच गुळाची ढेप. मला वाटलं, आपल्या वाकळी पहिल्यांदाच जिल्ह्याच्या गावाला चालल्यात, त्यांचं तोंड गोड करावं! अकराही कोपऱ्यांत गुळाचे खडे घातले आणि झकास टाके मारले.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं लातूरला उतरलो. अप्पा बाजारात माल भरायला गेले. तिथल्या एका शाळेच्या मैदानावर आमचं पाल लागलं. शेजारी रामकिशन नावाचे एक काका तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे दिवे विकत होते. माय पदर नाकापर्यंत ओढून मागं बसली. मी पुढं उभी राहून ओरडत होते, "या बाई या! एकीसारखी दुसरी न्हाई!"

"पोरी, जरा दम घे," रामकिशनकाका म्हणाले, "तुझ्या आवाजानं माझे दिवे इझून राहिलेत."

दुपारपर्यंत लोक हात लावून नुसते पुढं जात होते. मग एक बाई आल्या, चंद्रप्रभाबाई. नव्या ऑफिसातल्या साहेबांच्या घरच्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. त्यांनी सगळ्यात सुंदर, जांभळ्या काठाची वाकळ निवडली, गालाला लावली आणि किंचाळल्या.

"मुंग्या! अगं बाई, मुंग्या! हे तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायचं?"

वाकळ खाली पडली. कोपऱ्यातून लाल मुंग्यांची रांग निघाली होती. दुष्काळात त्याही बिचाऱ्या भुकेलेल्या! पण तेव्हा कुठलं सुचतंय? गर्दी जमली. कुणी म्हणालं, घाण कापड असेल. कुणी म्हणालं, धुवायला पाणी कुठंय यांना. आणि गर्दीच्या मागं, खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन, अप्पा उभे होते.

माझं तोंड उघडलं, पण एक शब्द येईना. गॅदरिंगवाली मी!

माय उठली. डोक्यावरचा पदर मागं सरकला, तिनं तो परत ओढला नाही. वाकळ उचलून झटकली, दातानं कोपऱ्याचा दोरा तोडला आणि चिकट गूळ तळहातावर काढून सगळ्यांना दाखवला.

"घाण न्हाई बाई. हे वाकळीचं पोट हाय," ती म्हणाली आणि पोट भरायची सगळी रीत सांगितली.  "हितं ज्वारी घालायची असती. माझ्या लेकीनं लाडानं गूळ घातला. चूक तिची न्हाई, मी बघायला पायजे होतं."

चंद्रप्रभाबाई त्या गुळाकडं बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. "मग मुंग्यांना तरी काय बोलायचं! बरं, मी घरचे दाणे घातले तर चालतील का हो यात?"

माय थबकली. "चालतील म्हंजे? तेच बरोबर हाय की. ज्या घरचं लेकरू, त्या घरचे दाणे." तिनं कोपरा पुसला, मुंग्या झटकल्या, सुईत दोरा ओवून ती सुई तिथंच कापडात खोचली आणि वाकळ तशीच उघड्या कोपऱ्यानं त्यांच्या हातात दिली.

मग काय! बाया पुढं सरकल्या. "आमच्यात तांदूळ घालतेत, चालतंय का?" "मला बी सुई लावून द्या." माय एकेकीशी बोलत होती, मी मुकाट्यानं कोपरे उसवत होते. संध्याकाळपर्यंत चार गेल्या.

अप्पा तिथंच उभे. शेवटी रामकिशनकाका म्हणाले, "शेटजी, मघाधरनं उभे हाव, एक दिवा तरी घ्या."

अप्पा पालात आले. "बोल लागला का न्हाई? चला, पाचची गाडी हाय."

मी मायकडं बघितलं. ती वाकळीची घडी घालत होती. "लागला," ती म्हणाली. "मी दिलं की उत्तर. तुमी जावा गाडीनं. आमी मायलेकी शिवकांताच्या हितल्या मावशीकडं ऱ्हातो. मेळा अजून दोन दिस हाय."

"आन् मला जेवायला?"

"टोपल्यात भाकरी हायत. पोट भरा आपलं आपण."

रामकिशनकाका एवढ्या जोरात हसले की त्यांचा एक दिवा गडगडत गेला. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू हे सगळं मीच तिला पाठ करून दिलंय. मग गठ्ठा खाली टाकला, त्यावर बसले आणि एक वाकळ मांडीवर ओढून तिच्या कोपऱ्यातल्या मुंग्या वेचायला लागले.

"गूळ घालती," ते पुटपुटले. "दहावीला हाय म्हणे."