बरणीतली जुडी

माळ्यावरच्या तुळईमागे गेनोवेफाने हात घातला. खिळा लागला, पण खिळ्यावर काहीच नव्हतं. तिने उजव्या हाताने चाचपलं, मग डाव्या हाताने चाचपलं. मग त्र्याऐंशी वर्षांची ती बाई शिडीचा कठडा न धरता खाली उतरली. एरवी तिला खुर्चीतून उठायलाही मुलाचा हात लागे.

स्वयंपाकघरात तिची सून लुत्सिना काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत शेवाळ बसवत होती. खाली शेवाळ, त्यावर पाइनची सुकी फळं, बर्चच्या सालीची वेटोळी आणि मधूनमधून वाळलेली फुलं, असा थर चढे. गेनोवेफाचा मुलगा झेनॉन झाकणाला भोक पाडून बल्बचा होल्डर बसवी, झाकण डिंकाने चिकटवून टाकी आणि वर कापडी छत्री चढवी. शनिवारच्या बाजारात हे दिवे हातोहात जात. ज्यांना जंगलात जायला सवड नव्हती ते लोक जंगल उशाशी नेऊन ठेवत. गेनोवेफाची त्याला हरकत नव्हती. निदान बरण्या तरी घराबाहेर पडत होत्या.

"माझी जुडी कुठेय?"

लुत्सिनाचा हात बरणीतच थांबला.

जुडी म्हणजे ऑगस्टात मरियामातेच्या सणाला चर्चमध्ये नेऊन पवित्र पाणी शिंपडून आणलेली. दवणा, पुदिना, जवस, खसखशीची बोंडं आणि गव्हाच्या ओंब्या, लाल लोकरीने तीन वेढे देऊन बांधलेल्या. घरात बाकीच्याही जुड्या असत. त्या वीज पडू नये म्हणून वादळात चुलीत टाकायच्या, काढा करून गाईला पाजायच्या, आणि यंदाच्या संपल्याही होत्या. ही मात्र वेगळ्या खिळ्यावर असे, कारण ही गेनोवेफाच्या शवपेटीतल्या उशीत जायची होती. आता नोव्हेंबर चालू होता. पुढचा ऑगस्ट नऊ महिने लांब. हृदयाच्या डॉक्टरने तिला पुढची तारीख चौदा महिन्यांनंतरची दिली होती. त्याच्या आशावादाचं तिला कौतुक होतं, पण त्यावर ती विसंबून नव्हती.

"फेकली नाही हो, आई," लुत्सिना म्हणाली. "धूळ खात होती, म्हटलं जुनी असेल. पाणी शिंपडलेलं फेकायचं नसतं, जाळायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून दिव्यात घातली. दिवा म्हणजे जळणंच की."

"चाळीस वॅटचं?"

दिवा कोणी नेला, हे गेनोवेफाने विचारलं. लुत्सिनाने फक्त खिडकीतून रस्त्यापलीकडच्या हिरव्या दाराकडे पाहिलं, आणि गेनोवेफाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हिरव्या दारामागे काझिमिएरा राहत होती. जपमाळ मंडळाची अध्यक्षा, मिरवणुकीत झेंडा धरणारी. अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेनोवेफाचा नवरा ब्रोनेक गेला, तेव्हा गेनोवेफाच्या घरात एकही जुडी उरली नव्हती. आदल्या उन्हाळ्यात वादळंच तशी झाली होती. ती हात पसरून काझिमिएराच्या दारात गेली आणि मूठभर मागितली. काझिमिएराने दार अर्धंच उघडून सांगितलं, माझ्यापुरतीच आहे. ब्रोनेकच्या उशीत शेवटी सुताराकडचा लाकडाचा भुसा भरला. तेव्हापासून दोघी एकाच बाकावर प्रार्थनेला बसत होत्या आणि एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या.

गेनोवेफाने झेनॉनच्या पेटीतला हातोडा उचलला आणि सपाता घालून तशीच रस्ता ओलांडून गेली. वाटेत ट्रॅक्टर थांबला. तिने ट्रॅक्टरकडे पाहिलंही नाही.

काझिमिएरा स्टुलावर पाय टेकवून बसली होती. दोन वर्षांपासून तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता. कपाटावर दिवा होता. काचेतून शेवाळापलीकडे लाल लोकर स्पष्ट दिसत होती, तीन वेढे आणि गेनोवेफाची ती हट्टी गाठ.

"ये," काझिमिएरा म्हणाली. तिने हातोड्याकडे एकदा पाहिलं. "चार दिवस वाट बघतेय. दिवा लावलेला नाही, घाबरू नकोस. बल्ब काढून ठेवलाय. सुकं असतं, पेटायचं."

"माझ्या नवऱ्याला मूठभर दिली नाहीस, आणि माझी मात्र विकत घेतेस?"

"गाठ ओळखली. दुसरी एक बाई घासाघीस करत होती. पाहुण्यांच्या न्हाणीघरात ठेवायचा म्हणत होती. कमोडशेजारी."

गेनोवेफाने हातोडा कपाटावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. कपबशा वाजल्या. मग गेल्या अकरा वर्षांत बाकावर बसून तिने जे मनात जुळवून ठेवलं होतं ते ती एका दमात बोलली. त्यात काझिमिएराची आई आली, तिच्या कोंबड्या आल्या, झेंड्याची काठी आली, आणि ती काठी कुठे घालावी हेही आलं.

काझिमिएराने सगळं ऐकून घेतलं.

"त्या वर्षी माझ्याकडे नव्हतीच, गेनिया," ती म्हणाली. "झेंडा कोण धरणार यावरून फादरशी भांडले होते. सणाला गेलेच नाही. ताप आला म्हणून सांगितलं. जपमाळ मंडळाच्या अध्यक्षेच्या घरात जुडी नाही, हे तुला दारात उभं करून सांगू?"

"म्हणून माझा ब्रोनेक भुशावर गेला."

"हो."

बाहेर ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला. गेनोवेफाने दिवा जवळ ओढला, झाकण पिळून पाहिलं. ते हललं नाही.

"तुझ्या मुलाने जन्मात एक काम पक्कं केलं," काझिमिएरा म्हणाली. "फोड. तुझीच आहे."

गेनोवेफाने हातोडा उचलला. काचेवर टेकवला. मग तिची नजर दाराच्या चौकटीवरच्या खिळ्यावर गेली. तिथे नुसता खिळाच होता. त्या स्टुलावरच्या पायाने दवण्याच्या बांधापर्यंत कोण जाणार होतं?

"तुझ्याकडे काय आहे मग?"

"भुसा मिळेल की," काझिमिएरा म्हणाली. "सुतार अजून आहे."

"तोंड बंद ठेव."

मग गेनोवेफाने दिवा कपाटावर मागे सरकवला आणि लोकर भिंतीकडे वळवली, घरी येणाऱ्या बायकांना दिसू नये म्हणून.

"जी मागे राहील तिने फोडायचा," ती म्हणाली. "अर्धी जाणारीच्या उशीत घालायची, अर्धी स्वतःला ठेवायची. आणि मी तुला माफ केलेलं नाही."

"मी माफी मागितली कुठे?" काझिमिएराने चहाचा ग्लास पुढे सारला. गेनोवेफाने तो घेतला नाही. पण उभ्याउभ्याच त्यात साखर किती आहे हे वाकून पाहिलं.

आठवडाभर झेनॉन हातोडा शोधत होता. त्याने पेटी उपसली, गोठा पाहिला, बायकोवर आळ घेतला. शेवटी आई वाटाणे निवडत म्हणाली, "काझियाकडे आहे. उसना दिलाय."

झेनॉनला आधी ते नाव या घरात ऐकू आल्याचंच नवल वाटलं.

"परत कधी देणार?"

"ते आम्ही दोघींनी ठरवलंय," गेनोवेफा म्हणाली, आणि एक किडका वाटाणा जोरात बाजूला फेकला. "तू दुसरा आण."