बटणाखालची काळी वाळू

मी बोलतोय नागापूरच्या एका घरातल्या लोखंडी कपाटावरून. मी अकॉर्डियन. उजवीकडे पट्ट्या, डावीकडे बटणांच्या रांगा, मधे भाता. भाता ओढला की मी श्वास घेतो, आणि श्वास घेतला की गातो.

माझा कारखाना कुठल्या मुलखात होता ते मला आठवत नाही. आठवतं ते तिसगावकडचं छोटं चर्च. शमुवेल तिथेच माझ्यावर हात बसवायला शिकला. त्याला नागापूरच्या एका फाउंड्रीत नोकरी लागली, तेव्हा चर्चमधले म्हातारे म्हणाले, "घेऊन जा बाबा. तुझ्याबिगर ह्याला वाजवनार कोन?"

तो लोखंड ओतायच्या वाळूच्या साच्यांवर काम करायचा. पाळी संपली की साबणाने हात धुऊन मला मांडीवर घ्यायचा. नखांच्या कडा तरीही काळ्याच. नाताळ जवळ आला की बायकोच्या शिवणयंत्राचं तेल माझ्या बटणांत सोडायचा. "माझ्या मशीनला ठेवा थोडं," हन्ना ओरडायची. "तुझी मशीन गाती का?" तो विचारायचा.

पुढे पुढे इथल्या चर्चमधल्या रविवारच्या भक्तीतली गीतं संथ झाली. ओळ मधेच तुटायची. सगळी मंडळी माझ्याकडे बघायची. "भाता गळतोय," असं ठरलं. मला पुण्याला नेऊन भात्याला नवं कातडं लावलं. मी भरल्या श्वासाने परत आलो. ओळ तरीही तुटतच राहिली. मला मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाचा श्वास कुणी तपासला नाही. तपासला तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास शमुवेल गेला.

तेव्हापासून माझं डावीकडचं एक बटण खाली गेलंय ते वर येत नाही. भाता हलला की एक जाड, खालचा सूर सुरू होतो आणि थांबत नाही.

"बाबा रात्री कण्हायचे, तसं वाटतं," एंजेला एकदा म्हणाली. ती धाकटी.

इस्टरला सूर्य उगवायच्या आत कबरस्तानात गीतं म्हणायची इथे रीत आहे. यंदा शमुवेलच्या कबरीपाशी मला न्यायचं होतं. आणि इस्टर झाला की सोमवारपासून त्याचा मुलगा जस्टिन त्याच फाउंड्रीत जाणार होता. त्याला बापाच्या जागी बोलावलं होतं.

शनिवारी दुपारी जस्टिनने मला जुन्या चादरीवर आडवं केलं आणि डावीकडची पाठ उघडायला घेतली.

"दादा, स्क्रू उरले तर कानात घाल," एंजेला म्हणाली.

"तू तेल आण आधी."

"तेल नाही टाकायचं. व्हिडिओत सांगतायत, तेलानेच चिकटतं."

त्याने अडकलेलं बटण चिमटीत धरून हळूच वर ओढलं. त्याच्या दांडीला काहीतरी लागलेलं होतं. स्पिरिटच्या कापसाने पुसलं, तर कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तोही. तेलात घट्ट बसलेली बारीक वाळू होती ती. वर्षानुवर्षं शमुवेलच्या बोटांवरून झिरपत आत गेलेली.

हन्ना चहा घेऊन आली. कप तिने तसेच खाली ठेवले. एक कापूस उचलला, बोटांत चोळून बघितला.

"ह्यांचे शर्ट मी धुवायचे," ती म्हणाली. "पानी काळं यायचं. मला वाटायचं, समदं पान्याबरूबर जातं."

कुणी चहाला हात लावला नाही.

"आई, मी साच्यांवर नाही जाणार. स्टोअरमधलं काम मागून घेईन."

"हे पन पहिल्यांदा स्टोअरलाच हुते."

जस्टिनने मान खाली घातली आणि एकेक स्क्रू जागेवर बसवला. बटण दाबलं, ते वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. भाता ओढून पाहिला, तो कण्हणारा सूर आला नाही. घरात एवढी शांतता पसरली की एंजेलाने उठून उगाचच खिडकी उघडली.

काल अंधारात, मेणबत्त्यांच्या उजेडात, जस्टिनने मला वाजवलं. एकही ओळ तुटली नाही. लोक म्हणाले, अगदी बापाचा हात आहे. हन्ना गात नव्हती. ती त्याच्या छातीकडे बघत होती.

आज सोमवार. जस्टिन, तू पायात बूट चढवतोयस, आणि मला तुझ्याशी बोलता येत नाही. माझा आवाज निघायला कुणाचा तरी हात लागतो. नाहीतर सांगितलं असतं की मी अनेक वर्षं तुझ्या बापाच्या छातीला टेकून होतो. आतली घरघर मी सगळ्यांच्या आधी ऐकली, आणि वर गीत गात राहिलो. तुझ्या छातीला टेकून मला ती पुन्हा ऐकायची नाही. दुसरं कुठलंही काम बघ. तोवर मला कपाटावर ठेवलंस, वर्षभर हात लावला नाहीस, तरी माझी तक्रार नाही.

कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न वाजवतेय. हन्ना दाराच्या चौकटीत उभी आहे. ती बाजूला होत नाही, आणि तो तिला बाजूला हो म्हणत नाही.

हॉर्न पुन्हा वाजला.