कपाटामागची रेषा

शाळेच्या मागच्या खोलीत ब्लँकेटं दोनशे सहा होती. टॉर्च चौतीस, त्यांतले पेटणारे एकतीस. लाइफ जॅकेट एकोणीस, पैकी दोहोंचे बंद तुटलेले. स्ट्रेचर दोन, दोरखंडाची भेंडोळी सात, पाण्याचे रिकामे कॅन साठ. शिट्ट्या यादीत शंभर होत्या, निघाल्या अठ्ठ्याण्णव. बाईंनी एकेक शिट्टी रुमालाने पुसून वाजवून पाहिली. पलीकडच्या वर्गातल्या मुलांना वाटलं, कवायतीचा तास लागला.

"मॅडम, सगळ्याच वाजवायच्या का?" दारात उभ्या असलेल्या इंजिनिअर मुलीने विचारलं.

"न वाजणारी शिट्टी म्हणजे नुसता पत्रा. द्या पुढची."

गावात त्यांना मोजणीबाई म्हणत. आपत्ती विभागाच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी कारकुनी केली होती. दर वर्षी पुराच्या हंगामाआधी नदीकाठच्या अकरा गावांची तयारी त्या तपासायच्या. 'मापात पाप नको' हे त्यांचं पालुपद. नुसत्या बसथांब्यावर उभ्या राहिल्या तरी बस येईपर्यंत समोरच्या घराची कौलं त्यांची मोजून झालेली असत. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या.

इंजिनिअर मुलगी मुख्य कचेरीतून आली होती. शेवटची शिट्टी वाजून झाली, तेव्हा तिने टॅबलेट पुढे केला.

"एक सांगायचं होतं. सकाळपासून धीर होत नव्हता. नवा नकाशा आलाय. विमानातून मोजणी केलीय सगळ्या खोऱ्याची. पुराची उंची पोस्टाच्या भिंतीवरच्या रेषेवरून धरलीय."

नकाशावर पूर येण्याजोगा भाग निळा होता. खालची आळी निळी होती, ती असणारच. पण आळीच्या डोक्यावर जो चौकोन होता, तोही निळा होता. ती ही शाळा.

"किती?" बाईंनी विचारलं.

"बावीस सेंटिमीटर. सव्वीस वर्षांपूर्वीचा मोठा पूर परत आला तर शाळेच्या ओट्यावर बावीस सेंटिमीटर पाणी असेल. निवाऱ्यांची यादी आज चारला बंद होते. शाळा यादीतून काढायची, असं ठरलंय."

"आणि खालच्या आळीतली दोनशे बारा माणसं?"

"पुलापलीकडच्या कॉलेजात."

"पूल सगळ्यांत आधी बुडतो, पोरी. आगीतून फुफाट्यात."

बाई ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

एकोणीस वर्षांपूर्वी ही शाळा निवारा म्हणून त्यांनीच निवडली होती. एका गवंड्याला हाताशी धरून, पारदर्शक नळीत पाणी भरून, पोस्टापासून शाळेपर्यंत त्यांनी पातळी काढत आणली होती. पोस्टाच्या भिंतीवर मोठ्या पुराची लाल रेषा होती. शाळेचा ओटा त्या रेषेच्या वर निघाला. किती वर, ते त्यांनी डायरीत लिहिलं होतं. ती डायरी कचेरीच्या जुन्या कागदांबरोबर केव्हाच रद्दीत गेली. अर्जात एकच प्रश्न होता: निवारा पूररेषेच्या वर आहे का, हो की नाही. बाईंनी 'हो'वर खूण केली होती. आकडा लिहायला जागाच नव्हती.

त्या खुणेच्या भरवशावर खालची आळी आजवर तीनदा या शाळेत येऊन झोपली होती. तिन्ही वेळा पूर लहान निघाला. आणि त्याच भरवशावर त्यांच्या अक्काने, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीने, आळीतलं घर सोडलं नव्हतं. 'शाळा आहे ना,' असं बाईच तिला म्हणाल्या होत्या.

"तुमचं यंत्र आणलंय?" त्यांनी विचारलं.

"आणलंय."

"मग चला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

दीड वाजता दोघी पोस्टापुढे होत्या. मुलीने तिपाईवर दुर्बीण बसवली, बाईंनी पट्टी धरली. तीन टप्प्यांत त्या शाळेच्या ओट्याशी पोचल्या आणि खात्रीसाठी उलट मोजत परत आल्या. दोन्ही वेळा आकडा एकच आला. शाळेचा ओटा पोस्टाच्या उंबऱ्यापेक्षा एकशे पंधरा सेंटिमीटर उंच होता. मग बाईंनी उंबऱ्यापासून लाल रेषेपर्यंत टेप लावला. एकशे सदतीस. त्यांनी वजाबाकी केली. बावीस.

नकाशा बरोबर होता.

"काय गं धाकटे, पोस्टाला कपडे शिवतेस का?" मागून आवाज आला. अक्का होती. सत्तरी उलटली तरी रोज दुपारी ती पोस्टात एक फेरी मारायची. तीस वर्षं तिथेच तिने पत्रं निवडली होती.

बाईंनी तिला खरं ते सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. "माझं चुकलं असेल अक्का. तुला मी पाण्यात झोपवायला निघाले होते."

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग ती भिंतीपाशी गेली आणि पाठ टेकून उभी राहिली. लाल रेषा तिच्या ओठांशी आली.

"हे बघ. एवढं पाणी असतं, तर मी बुडाले असते की नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? त्या दिवशी तू कचेरीत फोन धरून बसली होतीस. मी इथं आत होते. टपालाच्या थैल्या उचलून माळ्यावर टाकत होते. पाणी माझ्या कमरेला होतं. कमरेला."

"सव्वीस वर्षं झाली, अक्का."

"वय झालं की माणूस चार बोटं आखडतं. कंबर ओठापर्यंत चढत नाही."

इंजिनिअर मुलीला हसू आलं, ते तिने आवरलं. "आजी, पटतंय मला. पण नकाशात कंबर भरता येत नाही हो. खूण लागते."

बाई रेषेकडे बघत होत्या. दर वर्षी त्या सगळं मोजायच्या, शिट्ट्यासुद्धा. रेषा मात्र एकदाच मोजली होती. रेषा काय चालत जाते, असं त्यांना वाटलं होतं.

रेषा ताजी दिसत होती. त्यांनी समोर पाहिलं. पोस्टासमोरच रंगाऱ्याचं दुकान होतं.

रंगारी ब्रश धूत बसला होता. "रेषा? मीच काढतो. भिंत रंगवली की काढावी लागते."

"जुनी होती तिथंच?"

"जवळपास."

"जवळपास म्हणजे?"

रंगाऱ्याने ब्रश झटकला. "दहा-बारा वर्षं झाली असतील. भिंतीला सायकली लावतात लोक, त्यामागं रेषा झाकायची. लांबून पूर बघायला आलेली माणसं विचारायची, कुठंय हो तुमची रेषा? म्हटलं, सायकलींच्या वर घ्यावी."

"किती वर घेतली?"

"दिसेल एवढी."

"अहो, पण किती?"

"ते मोजून कोण काढतंय, बाई? तुमच्याशिवाय?"

बाईंना राग यायला हवा होता. पण आकडा वर चढला असेल तर तो खालीही आणता येईल, एवढंच त्यांच्या मनात आलं. "जुनी खूण कुठं राहिली असेल का? एखादी?"

"बाहेर चार हात रंग चढलाय. आतही मीच रंगवलंय सगळं." तो थांबला आणि मान खाजवू लागला. "म्हणजे, त्या मोठ्या कपाटामागं सोडून. ते कोण हलवणार? कडेपर्यंत रंगवतो आणि सोडतो."

"दर वेळी?"

"दर वेळी," रंगारी खाली बघत म्हणाला.

"पुरातसुद्धा हललं नाही ते," अक्का म्हणाली. "मी त्यालाच धरून उभी होते."

पोस्टमास्तरांनी आधी नियम सांगितला, मग घड्याळ पाहिलं आणि शेवटी बाह्या सरसावल्या. कपाट सागवानी होतं, खाली जुन्या रजिस्टरांनी भरलेलं. रजिस्टरं बाहेर काढायलाच वीस मिनिटं गेली. मग एका बाजूला रंगारी नि पोस्टमास्तर, दुसऱ्या बाजूला बाई नि मुलगी. अक्का 'जपून, जपून' म्हणायच्या कामावर. कपाट कण्हत कण्हत हातभर सरकलं.

मागची भिंत पिवळट होती, जुन्या चुन्याची. त्यावर कोळ्यांची जाळी होती. बाईंनी टॉर्च मारला. पेटणाऱ्या एकतिसांतला होता तो. जाळ्यांच्या आड, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, गाळाची तपकिरी रेषा होती. खाली भिंत मळकट, वर स्वच्छ. सुतासारखी सरळ.

अक्का पुढे झाली आणि रेषेशेजारी उभी राहिली. रेषा तिच्या कमरेला लागली.

"आता भरा नकाशात," ती इंजिनिअर मुलीला म्हणाली.

आतली फरशी आणि उंबरा एकाच पातळीत होते, ते मुलीने यंत्रावर तपासून घेतलं. टेप बाईंनी लावला. आकडा मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला. मुलीने खुणेचे सहा फोटो काढले, यादीतला रकाना उघडला आणि टॅबलेट बाईंच्या हातात दिला.

"तुम्ही भरा, मॅडम. इथं आकड्याला जागा आहे."

चाराला अकरा मिनिटं कमी असताना यादी गेली. अक्का पोस्टाच्या बाकावर बसून पाण्याची बाटली उघडत होती. "धाकटे, ये, बस. दुपारपासून उभी आहेस."

"बसते. एक काम राहिलंय."

रंगारी लाल डबा घेऊन बाहेर आधीच उभा होता. वर घेतलेली रेषा त्याने पांढऱ्या रंगाने पुसली होती.

"आणि सायकली?" त्याने विचारलं.

"सायकली दुसरीकडे लावायच्या."

त्याने दोरी धरली, खालून वर टेप लावून घेतला आणि या वेळी मोजून रेषा ओढली. रंग वाळेपर्यंत बाई थांबल्या. अक्काही त्यांच्याशेजारी थांबली. मग बाईंनी उंबऱ्यापासून पुन्हा टेप लावला आणि वहीत लिहिलं.

रेषा: चौऱ्याण्णव सेंटिमीटर. शाळेचा ओटा: एकशे पंधरा. ओटा रेषेच्या वर: एकवीस.