अंगठ्याने निवडलेली चड्डी

मी एक जुनी चड्डी आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा खुशाल, मला सवय आहे. पण मी साधीसुधी चड्डी नव्हे. लांबवर सायकल चालवणारे लोक घालतात ती, मांडीला घट्ट बसणारी, आतून गादी लावलेली काळी चड्डी मी. निदान तशी मी होते. आता माझ्यात गादी उरलेली नाही. ती का काढली गेली हे आठवलं, की आजही माझा टाका न् टाका थरथरतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शिलाई मशिनांचा आवाज एवढा, की शेजारी बसलेल्या बाईशीही ओरडून बोलावं लागे. ताणल्या जाणाऱ्या कापडाचे आठ तुकडे जोडून मला आकार दिला आणि शेवटी एका बाईंनी माझ्या आत गादी बसवली. चांगली दोन बोटं जाड, मऊ लुसलुशीत. बाईंनी ती गालाला लावून पाहिली आणि शेजारणीला ओरडून म्हणाल्या, "अगं, ही चड्डी आहे की उशी? सायकल चालवायची की झोपा काढायच्या?"

दोघी खळखळून हसल्या. मला वाटलं, ही माझी स्तुतीच. तेव्हापासून मी तोऱ्यातच असे. गादीच्या मधोमध एक जाड शिवण उभी राहिली होती. तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, आणि माझंही नाही.

तिथून मी एका सायकलच्या दुकानात आले. ते दुकान एक ताई चालवत. त्या स्वतः पट्टीच्या सायकलपटू. नखांत कायम काळं ग्रीस आणि बोलणं सरळसोट. त्यांनी मला एका पातळ गादीच्या चड्डीशेजारी टांगलं. तिची गादी कसली, जाड पुठ्ठाच म्हणा ना! मला तिची दया यायची.

एका दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेले, पोट थोडं सुटलेलं, शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले. ते सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या बनवणारे कारागीर होते. गल्लीत सगळे त्यांना गादीवाले म्हणत. त्यांची बायको एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. पन्नास पूर्ण व्हायच्या आत एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवायची, असं तिने मनावर घेतलं होतं. इस्पितळातल्या आणखी चौघीजणी तिच्याबरोबर निघणार होत्या. तीन महिन्यांनी. गादीवाल्यांना तिला न सांगता भेट द्यायची होती.

त्यांनी रॅकवरच्या एकेका चड्डीची गादी अंगठ्याने दाबून पाहिली. माझ्या शेजारणीला दाबलं आणि तोंड वाकडं केलं. मला दाबलं, आणि त्यांचा अंगठा आत रुतला.

"हीच," ते म्हणाले.

ताई म्हणाल्या, "काका, वहिनींना घेऊन या ना. ही घालून, सायकलवर बसून बघावी लागते. हाताला मऊ लागली म्हणजे बसायला चांगली, असं नसतं."

"अहो ताई, तीस वर्षं लोकांच्या बसण्याचीच तर काळजी वाहतोय मी. मला शिकवता?" ते हसत म्हणाले. मापही त्यांनी अंदाजानेच सांगितलं आणि वर एक नंबर मोठा घेतला. घट्ट नको, सैल असलेली बरी, असं त्यांचं मत.

घरी जाण्याआधी ते मला त्यांच्या कारखान्यात घेऊन गेले. माझ्या कमरेला आतून एक लेबल शिवलेलं होतं. बायकोला टोचेल म्हणून त्यांनी ते बारीक कात्रीने, एकही टाका न उसवता, हळुवार कापून काढलं. मित्रांनो, त्या लेबलवर माझ्याविषयीच्या दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. ही अंगालगत घालावी, आत दुसरं काही घालू नये. आणि दर वापरानंतर धुवावी. प्रेमाच्या भरात त्यांनी नेमकं तेवढंच कापून टाकलं! मी ओरडून सांगणार होते, पण कापडाला कुठला आला आवाज?

पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. गादीवाल्यांच्या बायकोने रोजची आतली चड्डी घातली आणि तिच्यावर मला चढवलं. आता मी अंगाशी लागणार कशी? दोन कापडं एकमेकांवर घासू लागली. मी मापाने मोठी, त्यामुळे मांडीशी माझ्या चुण्या पडल्या. आणि माझी लाडकी मऊ गादी? पाऊण तासात ती पार चेपून गेली. बसताना ज्या दोन हाडांवर आपला भार येतो, तिथे काहीच उरलं नाही, आणि सगळा फुगवटा मधल्या नाजूक जागेत गोळा झाला. त्यात ती उभी शिवण. बिचारी बाई वेदनेने सीटवर डावी-उजवीकडे सरकत होती आणि मी लाजेने चूर होत होते. जिच्यासाठी मला आणलं, तिलाच मी घासत होते.

ती घरी आली तेव्हा गादीवाले दारातच उभे होते.

"काय गं, कशी आहे?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कापूस आहे हो, नुसता कापूस!" ती म्हणाली.

इतकं धडधडीत खोटं! पण ते असे काही फुलले, की पुढचे आठ दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ऐकवत होते.

आठवड्यातून तीनदा ती मला घालून निघायची. इस्पितळात कधी सकाळपाळी तर कधी दुपारपाळी, त्यात घर. मला धुवायला वेळ कुठला? न्हाणीघराच्या खुंटीवर मी घामासकट वाळायचे आणि तशीच पुन्हा अंगावर चढायचे. दीड महिन्याने मला तिच्या कातडीवर एक लाल पुळी दिसली. आठवड्याने तिचं गळू झालं. ती आरसा धरून, दाराला कडी लावून, स्वतःच त्यावर पट्टी चिकटवायची.

ती कोण होती, हे विसरू नका. सव्वीस वर्षं जखमांच्या वॉर्डात काम केलेली नर्स. दुखणं अंगावर काढून आलेल्या माणसांना ती किती फैलावर घ्यायची, हे ती घरी जेवताना सांगायची. "लाज वाटते म्हणे! अहो, जखमेला कसली लाज?" असं तिचं ठरलेलं वाक्य. तीच बाई आता स्वतःची जखम लपवत होती.

मग तो रविवार आला. एकशेवीस किलोमीटरचा सराव करून ती परतली. गादीवाल्यांनी ताटं वाढली. तिने ताट हातात घेतलं आणि ओट्याला टेकून उभ्यानेच जेवली.

"बस की गं."

"सकाळपासून बसूनच तर होते. उभीच बरी आहे."

सोमवारीही ती उभ्यानेच जेवली. मंगळवारीही. ज्या माणसाचा सगळा जन्म लोकांना नीट बसवण्यात गेला, त्याच्या डोळ्यांतून हे सुटणार होतं थोडंच? तिला मदत व्हावी म्हणून त्यांनी मला धुवायला घेतलं. पाण्यात बुडवण्याआधी मला उलटं केलं, आणि त्यांच्या हातून बादली सुटली.

माझ्या गादीवर रक्ताचे आणि पुवाचे डाग होते.

"हे काय आहे?" ते मला तसंच हातात धरून स्वयंपाकघरात आले. पाणी घरभर ओघळत होतं.

"ठेवा ते आधी. तुम्ही कशाला हात लावलात?"

"हे काय आहे, विचारतोय मी!"

तिने मला हिसकावून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. ती तापाने फणफणली होती.

"चल. इस्पितळात."

"तिथे नको हो. सगळे ओळखतात मला. हसतील."

मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "हसू देत! हसू देत सगळे! चप्पल घाल!" भिंती हादरल्या. ती चप्पल शोधू लागली. डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्यांनी मला एका पिशवीत कोंबलं.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. जखमेला टाका कसा घालावा हे त्या तिच्याच हाताखाली शिकल्या होत्या. पडदा सारून त्या आत आल्या आणि जागीच थबकल्या.

"सिस्टर? तुम्ही?"

तपासून झाल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गळू आतपर्यंत गेलं होतं. "लगेच चिरा द्यावा लागेल. आणखी दोन दिवस थांबला असतात तर हे विष रक्तात भिनलं असतं, सिस्टर. मग काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

तिने मान हलवली. तिने ते अनेकदा पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला चिमट्यात धरून वर उचललं. आयुष्यात मला एवढी शरम कधी वाटली नव्हती. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. आत काय घालत होतात? किती वेळा धुवायचात? शेवटी म्हणाल्या, "आणि ही निवडली कुणी?"

"मी," गादीवाले म्हणाले. "मी आणली. पण... कापूस आहे म्हणालीस ना गं तू?"

ती उशीत तोंड खुपसून पडली होती. तिथूनच बोलली, "तुम्ही एवढ्या हौसेने आणली होतीत. दुखतंय म्हणून कसं सांगू?"

डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा पिशवीत टाकलं आणि त्या हात धुवायला गेल्या. बराच वेळ हात धूत होत्या.

चिरा दिला, पू निघाला, चार दिवसांनी ताप उतरला. पण सीटवर बसायला सहा आठवडे बंदी. दोनशे किलोमीटरचा दिवस त्या सहा आठवड्यांतच येऊन गेला. त्या चौघी गेल्या, ती घरीच राहिली. ती रडली नाही, पण त्या सकाळी तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून, घासून पुन्हा लावले.

गादीवाल्यांनी मला कारखान्यात नेलं आणि पाटावर पसरलं. ज्या कात्रीने लेबल कापलं होतं, तिनेच माझी शिवण उसवून गादी बाहेर काढली. ती त्यांनी अंगठ्याने नाही, कोपराने सगळा भार देऊन दाबली. ती पापडासारखी चपटी झाली.

"अरे देवा," ते स्वतःशीच पुटपुटले. "असला फोम मी खुर्चीला लावला असता, तर गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी आणून डोक्यात घातला असता. हे मला कळत नव्हतं?" त्यांना कळत होतं, मित्रांनो. भार येतो तिथे घट्ट फोम लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बायकोसाठी निवडताना तीस वर्षांची विद्या ते विसरले आणि सगळ्यात मऊ तेच घेऊन आले.

तसेच उठून ते सायकलच्या दुकानात गेले, मला काखेत मारून. म्हणाले, "ताई, चुकलो. आता शिकवा."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एक चड्डी काढून त्यांच्या हातात दिली, "घाला," म्हणाल्या, आणि स्टँडला लावलेली एक सायकल दाखवली. गादीवाले सुटलेल्या पोटानिशी घट्ट चड्डीत बाहेर आले, तेव्हा दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी तोंडं फिरवली. पण ते तासभर पॅडल मारत बसले. कुठे टेकतं, कुठे घासतं, कुठे मुंग्या येतात, ते एकेक बोलून दाखवत होते आणि ताई समजावत होत्या. गादी पातळ पण दाट हवी, दोन हाडांखाली पुरेल एवढी रुंद, आणि बायकांची ती दोन हाडं एकमेकांपासून जरा जास्त लांब असतात म्हणून त्यांची गादी वेगळी. मधोमध शिवण नको. कापड दुसऱ्या कातडीसारखं चिकटलेलं हवं, एकही चुणी नको. उभं असताना ती विचित्र वाटली तरी चालेल, वाकून बसल्यावर मात्र तिचा विसर पडला पाहिजे.

सातव्या आठवड्यात ती स्वतः दुकानात गेली. गादीवाले बरोबर होते, पण ते स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसले. तिने सहा चड्ड्या घालून पाहिल्या, प्रत्येकीवर वीस-वीस मिनिटं बसली. गादीवाल्यांनी मलाही आणलं होतं; मी पिशवीतून पाहत होते. तिसरी घालून ती बाहेर आली, तेव्हा गादीवाल्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. शेवटी तिने जी घेतली, ती माझ्याशेजारची पुठ्ठ्यासारख्या गादीची! मला रडू आलं, की बरं वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

पुढच्या हंगामात ती पुन्हा दोनशेला निघाली. मी कारखान्यात खिळ्याला लटकत होते. दुपारी गादीवाल्यांचा फोन वाजला. हात फोमने भरलेले होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"अहो, एकशेचाळीस झाले," तिचा दमलेला आवाज आला. मागे गाड्यांची घरघर होती. मग ती म्हणाली, "दुखतंय हो."

त्यांच्या हातातला फोमचा तुकडा खाली पडला. "कुठे?"

"गुडघा. डावा. चावतोय चांगलाच."

ते पाटावर बसले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "थांब तिथेच. मी येतोय गाडी घेऊन."

त्या दिवशी दोनशे झाले नाहीत. एकशेचाळीसच झाले.

मित्रांनो, माझ्यासारखी चड्डी कधी घ्यावी लागली, तर अंगठ्याने दाबून घेऊ नका. घालून बघा, बसून बघा, आणि दर वेळी धुवा. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. तुमच्यासाठी कुणी मोठ्या हौसेने काही आणलं आणि ते टोचत असेल, तर गप्प राहू नका. ज्याने प्रेमाने आणलं, त्याला खरं ऐकल्याचं दुःख घटकाभरच होईल. न सांगितल्याने काय होतं, ते मी माझ्या अंगावर पाहिलं आहे.