ताउनोच्या नावाचं रक्त

आमच्या गावात पुरुषांची पन्नाशी साजरी करायची वेळ फारशी येत नसे. माझे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, गोठ्यात, गाईचं दूध काढता काढता. बादली सांडली नव्हती, एवढंच आई पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली. फिनलंडच्या या पूर्व टोकाला, कारेलियात, हे इतकं नेहमीचं होतं की त्याला कुणी आजार म्हणतच नसे. माणूस जंगलात लाकूड आणायला जायचा आणि घोडा एकटाच परत यायचा.

म्हणून बहात्तर साली, माणसांची हृदयं अशी का बंद पडतात ते शोधायला, राजधानीतून डॉक्टरांची तुकडी आली. त्यांच्याकडे यादी होती. पंचवीस ते एकोणसाठ वयाच्या लोकांमधून, चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं काढलेली. यादीत ज्याचं नाव, त्यालाच तपासायचं. शेजारी कितीही कण्हत असला तरी त्याला नाही. आमच्या वाट्याला चाळीस नावं आली. मी गावची नर्स, तेव्हा रक्तदाब मोजणं आणि रक्त काढणं माझ्याकडे. शाळेच्या वर्गात टेबलं लागली आणि मोठे डॉक्टर लिंडरूस पहिल्याच दिवशी म्हणाले, "सिस्टर, चाळीसच्या चाळीस हवेत. जो येत नाही ना, तोच बहुतेक वेळा आजारी असतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणचाळीस झाले. राहिला फक्त ताउनो केत्तुनेन. लाकडाचा ट्रक चालवायचा, वय बेचाळीस, शाळेत माझ्या बाकावर बसायचा आणि माझ्या वेण्या ओढायचा. चार वाजता दार उघडलं आणि त्याचं बोलावण्याचं कार्ड घेऊन आत आला त्याचा धाकटा भाऊ वेइक्को.

"नाव?" मी विचारलं.

"ताउनो केत्तुनेन," वेइक्को म्हणाला, आणि माझ्याकडे बघून त्यानं चक्क डोळा मारला.

"जन्मतारीख?"

"कार्डावर आहे की. वाचता येतं ना तुला?"

मागे डॉक्टर लिंडरूस उभे होते. शहरातल्या माणसाला दोन्ही केत्तुनेन सारखेच, लांब नाक आणि पिंगट केस. "चाळीस!" ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास सिस्टर. एवढं कुठल्याच गावात जमलं नाही."

मला वाटलं, ताउनोला वेळ नसेल, गंमत चाललीय दोघांची. शिवाय ती थाप. मी वेइक्कोच्या दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, उतरवला. वरचा एकशे अठरा, खालचा शहात्तर. सिगारेट न ओढणारा, रोज बर्फावरून पळणारा माणूस, घोड्यासारखी तब्येत. मग त्याचं रक्त काढलं आणि नळीवर ताउनोचं नाव लिहिलं. माझ्याच अक्षरात.

महिन्याभरानं घरोघरी पत्रं आली. मे महिन्यात एके दिवशी मी सायकलवरून जात होते तर ताउनोच्या बायकोनं, लेंपीनं, अंगणातून हाक मारली. "आइली! आत ये, तुला काही दाखवायचंय."

चुलीशेजारी भिंतीवर तो कागद खिळ्यानं ठोकला होता. रक्तदाब उत्तम, रक्तातली चरबी कमी, चिंतेचं कारण नाही.

"त्याचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, माहितीय ना तुला," लेंपी म्हणाली. "दोन हिवाळे मी रात्र रात्र त्याचा श्वास ऐकत पडून राहायचे. लोणी लपवून ठेवायचे. चढावर थांबला की भांडायचे, डॉक्टरकडे चल म्हणून. हा कागद आला आणि माझा जीव भांड्यात पडला बघ. आता खाऊ दे त्याला काय हवं ते."

माझ्या हातातली रक्तदाबाच्या यंत्राची पिशवी मला एकदम जड झाली. खिडकीतून तळ्याकडून येणारा ताउनो दिसत होता, खांद्यावर मासळीची टोपली. एवढ्याशा चढावर तो तीनदा थांबला आणि तिसऱ्यांदा कुंपणाला धरून डावा हात चोळत उभा राहिला. त्यानं घराच्या खिडकीकडे पाहिलं आणि हात झटकन खाली सोडला.

मी बाहेर गेले, त्याला लाकडांच्या शेडमध्ये ओढलं. "बाही वर कर."

"अगं, माझा कागद आलाय. ठणठणीत आहे मी!"

"तो कागद वेइक्कोचा आहे, गाढवा. बस खाली."

बसला. मला आधी वाटलं, यंत्रच बिघडलंय. पुन्हा मोजलं. वरचा दोनशे दहा, खालचा एकशे तीस.

"का पाठवलंस त्याला?"

"काही निघालं असतं तर कंपनीनं ट्रक काढून घेतला असता. मग गाईंच्या शेपट्या धरून बसू?" तो हसला, पण थांबून थांबून. "आणि खरं सांगू? तो कागद भिंतीवर बघून बघून मलाच पटायला लागलंय. एकाच आईचे आम्ही, एकाच भांड्यात जेवलो. त्याच्यात जे आहे तेच माझ्यात असणार की."

"उद्या सकाळी शहरातल्या दवाखान्यात चल. मी येते बरोबर."

"बटाटे लावून होऊ देत. सोमवारी, शप्पथ. आणि लेंपीला बोलू नकोस. दोन वर्षांनी नीट झोपतेय ती."

तो मंगळवार होता. मी म्हणाले, "सोमवारी. एक दिवसही जास्त नाही." खरं सांगायचं तर मला फक्त लेंपीच्या झोपेची काळजी नव्हती. ती पहिला प्रश्न विचारणार होती, मग भिंतीवरचा कागद कुणाचा? आणि तो नळीवरच्या माझ्या अक्षरापर्यंत पोचला असता. मी तोंड शिवून घेतलं आणि सायकलवर बसले.

शनिवारी दुपारी वेइक्को धावत आला. नांगरामागे तो होता, मागून बटाटे टाकत ताउनो. सरीच्या टोकाला वळून पाहिलं तर सरीत फक्त टोपली दिसली. मी पोचले तेव्हा लेंपी मातीत बसून त्याचे बूट काढत होती. कशासाठी, ते तिलाही माहीत नसावं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जूनमध्ये डॉक्टर लिंडरूसांचा फोन आला. "सिस्टर, केत्तुनेनचा फॉर्म समोर आहे. रक्तदाब उत्तम, चरबी कमी, आणि बेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद! आमच्या साऱ्या हिशेबाला छेद देणारा माणूस आहे हा. मोजण्यात चूक नाही ना झाली?"

"नाही," मी म्हणाले. मोजण्यात चूक नव्हतीच.

पण गावाला लिंडरूसांपेक्षा लवकर हिशेब मांडता येतो. दुकानाच्या पायरीवर पुरुष बोलू लागले. ज्याला डॉक्टरांनी ठणठणीत म्हटलं तो मेला, आणि ज्यांना गोळ्या दिल्या ते इथे सिगारेटी फुंकत बसलेत. मग गोळ्या घ्यायच्या कशाला? ओइवा सुतारानं, ज्याचा वरचा एकशे नव्वद होता, आपली गोळ्यांची बाटली सगळ्यांसमोर तळ्यात फेकली आणि टाळ्या मिळवल्या. त्या आठवड्यात तिघांनी गोळ्या परत आणून दिल्या. एका खोट्या कागदानं गावातली पुढची प्रेतं निवडायला सुरुवात केली होती, आणि त्या कागदामागच्या नळीवर नाव मी लिहिलं होतं.

मी लेंपीकडे गेले. वेइक्को टेबलाशी मान खाली घालून बसला होता. लेंपीनं तीन कपांत कॉफी ओतली. आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी कॉफी मिळते.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "मी रोज तो कागद वाचते. नाहीतर वेडी झाले असते गं. त्याला काही नव्हतंच, तर मी काय करणार होते? हो ना?"

वेइक्कोनं मान आणखी खाली घातली. मला पळून जावंसं वाटलं.

"लेंपी, तो कागद वेइक्कोचा आहे," मी म्हणाले.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले, तेवढं तिला पुरलं. मग ती माझ्याकडे वळली.

"तुला कधी कळलं?"

"तो खुर्चीत बसला तेव्हाच."

"आणि ताउनोचं?"

"शेडमध्ये मोजलं. दोनशे दहा. तो जायच्या चार दिवस आधी."

"चार दिवस," लेंपी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, चढला असता तर बरं झालं असतं. "चार दिवसांत मी त्याला पाठीवर टाकून शहरात नेलं असतं, आइली."

ती उठली. माझ्यासमोरचा भरलेला कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा ठेवला. वेइक्कोचा कप तिनं तिथेच राहू दिला.

"वहिनी, मी..." वेइक्को म्हणाला.

"पी तू," ती म्हणाली. मग माझ्यासाठी दार उघडून धरलं. "तो मूर्ख आहे. तू नर्स होतीस."