भिंतीवरचे मल्हारराव

मी कणकेचे गोळे करत होते आणि दारात जीप थांबली. माणसं उतरायच्या आधी रडणं उतरलं. माझी थोरली जाऊ बानाबाई, पदर तोंडात कोंबलेला, तशीच धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"बाई गं सारजा! कसं झालं गं ह्ये!"

आता सकाळी सकाळी गावाकडची माणसं रडत दारात आली, तर माणूस काय समजेल? मला वाटलं, तिकडेच कोणीतरी गेलं. थोरले दीर म्हणावेत, तर पुंजारामदादा जीपला टेकून उभे, मान खाली. मग कोण? ते काही कळेना, पण मीही गळा काढला. पिठाचे हात तिच्या पाठीवर आणि आम्ही दोघी हमसून हमसून रडतोय. मध्येच बानाबाई थबकली, मागं सरकली आणि माझ्या कपाळाकडं बघायला लागली.

"आगं, कुकू तसंच?"

"मग काय करू त्याला?"

"पुसलं न्हाय कुनी?"

"आक्का, शुद्धीवर आहात का? का पुसू? गेलंय कोण ते तरी सांगा!"

बानाबाईनं वळून नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मल्हारी भावजी," ती म्हणाली. "टीव्हीवर दावलं रातच्याला. फोटूला हार घातल्याला, म्होरं दिवा."

मल्हारी म्हणजे आमचे हे. मी मटकन खाली बसले.

शेजारची जाहेदा भिंतीवरून सगळं ऐकत होती, ती तशीच अनवाणी आली. तिला सांगितलं तर ती माझ्यावरच डाफरली. "अगे, रोने की क्या बात है? फोन तो लगाव पहले!"

लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. हे आदल्या दिवशी वेरूळला गेले होते, कसल्याशा जाहिरातीचं शूटिंग आहे, रात्री तिथंच मुक्काम, सकाळी येतो म्हणून. शूटिंगला फोन बंदच ठेवतात, मला माहीत आहे. एवढी वर्षं संसार केलाय एका नटाबरोबर. पण गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली होती, तेव्हापासून घंटी वाजूनही उचलला नाही तरी माझा जीव खालीवर होतो. इथं तर फोनच बंद.

"आक्का, मालिकेत काम करतात ते. मालिकेतलाच असेल फोटो," मी म्हणाले.

"आगं, मालिकेतले भावजी म्या काय वळखत न्हाय का? कदी पोलिस, कदी पाटील. ह्यो तुज्या घरातला फोटू व्हता. त्यो कोटवाला. नीट बगावं म्हनलं, तर तेवढ्यात लाईट गेली."

मी मान वळवून आत बघितलं. बैठकीत खिळा रिकामा होता. आठवडा झाला, काच फुटलीय, बदलून आणतो म्हणून ह्यांनीच तो फोटो नेला होता.

"फोन करून इचारायचं तरी कसं," बानाबाई डोळे पुसत म्हणाली, "मेला का म्हनून? रातभर ह्ये अंगनात बसून व्हते. पानीसुदिक न्हाय प्याले."

हे म्हणजे पुंजारामदादा. ह्यांचे सख्खे थोरले भाऊ, आणि तरी आमचा मुलगा त्यांनी बाळंतपणात पाहिला तो तेवढाच. आज त्या मुलाला मुलगी आहे. मधल्या काळात दादांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. का, ते सांगायचं तर त्या फोटोपासूनच सुरुवात करावी लागेल.

आमच्या ह्यांचं काम म्हणजे भिंतीवर राहायचं. थट्टा नाही करत. घर मेंढ्या राखणारं. घरचा हा धाकटा मुलगा वडिलांबरोबर घोंगड्या विकायला गुलमंडीच्या बाजारात यायचा. तिथल्या बद्रीनाथशेठ कापडवाल्यानं एकदा त्याला उभा-आडवा न्याहाळला आणि म्हणाला, "पोरा, हा कोट घाल बरं जरा." गयासभाईंच्या स्टुडिओत फोटो निघाला, त्यावरून पेंटरनं भलीमोठी पाटी रंगवली आणि ती दुकानावर चढली. लग्नाच्या सुटाचं माप द्यायला आलेले नवरदेव वर बोट करून म्हणायचे, "असं दिसलं पाहिजे." आता मुळात बुटक्या माणसाला असं कुठून दिसणार? पण शिंपी बिचारा माप घ्यायचा. मीसुद्धा ह्यांना पहिल्यांदा तिथंच पाहिलं. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी जीव खाल्ला, "अगं, पाटीशी लग्न करतेस का?"

पाटीवरून कॅलेंडरवर गेले, हॉटेलातल्या फॅशन शोमध्ये हिमरू कापडाची शेरवानी घालून चालले, मग मुंबई. सिनेमात हवालदार, जमीनदाराचा माणूस, नाहीतर सुरुवातीलाच मरणारा हिरोचा भाऊ. मरायचे मात्र फार छान. पडावं तर मल्हाररावांनी, असं म्हणायचे तिकडं. अशात सासरे वारले. हे धावत आले, सगळं केलं. दहाव्याला नदीवर न्हावी बसला. डोकं ह्यांनी मुकाट पुढं केलं, कारण भूमिकेत फेटा होता. मिशीला वस्तरा लावायची वेळ आली आणि ह्यांनी न्हाव्याचा हात धरला. अर्धी मारामारी शूट झाली होती मिशीवाली. उरलेली बिनमिशीची कशी करणार?

"बाप मोठा का शिनेमा मोठा?" दादांनी सगळ्या भावकीसमोर विचारलं.

हे म्हणाले, "दादा, माझ्यामुळं शंभर माणसांचं काम अडंल."

"मंग जा त्यांच्यातच. तुजं तोंड म्या पुन्ना बगनार न्हाय."

आणि नाही बघितलं. माणूस शब्दाचा पक्का, काय बोलणार! गुलमंडीत यायचे तेव्हा दुकानाच्या पाटीखालून खाली मान घालून जायचे म्हणे. आणि तो सिनेमा? डब्यातच राहिला. मिशी फुकट गेली, असं मी एकदा चिडून म्हणाले होते. त्या रात्री हे जेवले नाहीत, म्हणून पुन्हा कधी म्हणाले नाही.

तर असे दादा आज माझ्या अंगणात उभे होते. आत या म्हणायचंही माझ्याकडून राहून गेलं. जाहेदा फोन लावतच होती. गल्लीतली चार माणसं जमली, दारात चपलांचा ढीग झाला, कोणाला नक्की काय ते ठाऊक नव्हतं, तरी जो तो हळहळत होता. मी मनातल्या मनात बोलत होते. एकदा या. नुसते या. मग कुठल्याही भिंतीवर राहा, माझं काही म्हणणं नाही.

कोपऱ्यावर रिक्षा वाजली.

हे उतरले. डोळ्यांत कालचं काजळ, हातात पिशवी. त्यांना काय दिसलं असेल? आपल्या दारात गर्दी, चपला, रडणाऱ्या बायका. पिशवी तिथंच पडली आणि हा साठी उलटलेला, गुडघ्यांनी अधू माणूस पळत सुटला.

"सारजा! सारजाऽ!"

जन्मात कधी चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं. "अगं ए" नाहीतर "ऐकलं का". त्या दिवशी सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी उठून उभी राहिले तर मला बघून हे दाराची चौकट धरून हुंदके द्यायला लागले. त्यांना वाटलं होतं, मीच गेले.

काय सांगू! हसावं की रडावं की दोन ठेवून द्याव्यात, काही समजेना. जाहेदा "या अल्लाह, या अल्लाह" करत खाली बसली. बानाबाईनं ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "आयुष्य वाढलं बरं भावजींचं! मरनाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंया."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरल्या उतरल्या रागही आला. "तो फोटो! माझ्या कुंकवाला हार घालून टांगलंत? आणि काच बदलायला नेला म्हणे!"

"तुला सांगितलं असतं तर नेऊ दिला असतास?" हे नाक पुसत म्हणाले. "अगं, मालिकेतल्या सुनेचा सासरा आहे मी. मेलेला. मालिका चालेल तोवर भिंतीवर. उभं राहायचं नाही, पडायचं नाही, गुडघे दुखायचे नाहीत. सून सगळं माझ्याकडं बघूनच बोलते. आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा रोल मिळालाय."

गल्ली हसली. मी पण हसले, काय करणार. मेलेल्याचं काम करून घरी जिवंत आलेल्या माणसावर किती वेळ रागवायचं?

तेवढ्यात ह्यांचं लक्ष अंगणात गेलं आणि हसू मावळलं. दादा जीपपाशी तसेच उभे होते. हे गेले, वाकून पाया पडले. दादांनी पाय मागं घेतले नाहीत, पण तोंड ह्यांच्याकडं वळवलं नाही. जीपच्या चाकाकडं बघत म्हणाले, जणू मलाच सांगतायत तसं, "म्या मेलेल्याला भेटाय आलतो. जित्याला न्हाय. चल गं बाने."

ह्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. पडद्यावर इतक्या वेळा मेले, तेव्हा कधी असं दिसले नाहीत.

बानाबाई मात्र चालायला तयार नव्हती. तिनं जीपमधून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. "ह्ये काय करू मंग? माघारी नेत नसत्यात ह्ये."

कडू घास होता तो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं करून आणायचं आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास बळंच घालायचा. पहाटे उठून, रडत रडत केला होता तिनं. मेलं तर कोणी नाही, आणि परत नेणं अशुभ.

ह्यांनी तिच्या हातातून गाठोडं घेतलं. ओसरीच्या पायरीवर बसून सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठलं लावलं आणि उठून दादांच्या समोर गेले.

"दादा, घे," हे म्हणाले. "रात्रीपासनं उपाशी हायेस. तुजा भाऊ गेला म्हनं."

दादांनी वर बघितलं. भावाचं तोंड बघितलं, काजळ ओघळलेलं, सुरकुतलेलं, पांढऱ्या मिशीचं. मग त्यांचं तोंड उघडलं. घास चावता चावता डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मीठ कमी पडलंया, मल्हारी," दादा म्हणाले.

मी मीठ आणायला आत गेले.