किती वेळा वाजतंय?

जब्बारच्या कारखान्यात आता कापड विणणारे लूम नव्हते. गेल्या रमजानच्या आधी त्याने सगळे लूम भंगारात दिले आणि शेड एका पार्सल कंपनीला भाड्याने दिली. वडपे-दापोड्याच्या मोठ्या गोडाऊनांतून सुटलेला माल या शेडमध्ये उतरायचा आणि इथून टेम्पोने भिवंडीच्या गल्ल्यांत जायचा. जब्बार आजूबाजूची सगळी माणसं ओळखतो म्हणून कंपनीने त्यालाच काउंटरवर बसवलं. आता तो स्वतःच्याच शेडमध्ये गळ्यात आयकार्ड घालून ड्युटीवर यायचा.

लोक विचारायचे, "जब्बारभाई, कसं वाटतं आता?"

"ठीक आहे," तो म्हणायचा.

तो खोटं बोलत नव्हता. बापाने उभा केलेला कारखाना मोडला, वाईट वाटायला पाहिजे, हे त्यालाही कळत होतं. पण वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, नमाज, नाश्ता, शेड. संध्याकाळी घर. बायको किंवा मुलगी जोहा काही बोलली तर मान हलवायची. झोप लागायची.

शेडमधल्या ऑफिसात कॉम्प्युटर मात्र लूमच्या काळातलाच होता. त्यावर पूर्वी सुताची आणि कापडाची बिलं निघायची. कंपनीचं नवीन सॉफ्टवेअर त्या जुन्या मशीनला झेपेना. पार्सलचा नंबर टाकावा, चहा पिऊन कप धुवावा, तरी पान उघडलेलं नसायचं. शेवटी हेड ऑफिसने कुरिअरने मेमरी पाठवली. प्लॅस्टिकच्या पाकिटात एक हिरवी पट्टी. बसवायला सोपं आहे, असा निरोप आला.

दुपारी गाड्या कमी असतात तेव्हा जब्बारने कॉम्प्युटरची वायर काढली, डब्याच्या बाजूचे स्क्रू सोडले आणि झाकण उघडलं. आत जुनी पट्टी एका खाचेत उभी होती, शेजारची खाच रिकामी. त्याने नवी पट्टी त्या खाचेत दाबली. झाकण न लावताच वायर जोडून बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच राहिली.

बंद करून पुन्हा चालू केलं. तेच.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर त्याने फोन लावला. पलीकडे ठाण्याच्या ऑफिसातली एक मुलगी होती. आपलं नाव सोनल असल्याचं तिने सांगितलं. जब्बार फोनचा आवाज नेहमीच पूर्ण वाढवून ठेवायचा, तसा तो होताच.

"काका, पंखा फिरतोय ना? मग आता सांगा, बीप किती वेळा वाजतंय?"

"बीप नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, बाई. काहीच वाजत नाही."

"बरं. नवी पट्टी काढा आणि एकट्या जुन्या पट्टीवर चालवून बघा. वायर काढूनच हात घाला हं."

त्याने तसं केलं. नवी पट्टी ओढताना हात जुन्या पट्टीला लागला, ती किंचित हलली. बटण दाबलं. स्क्रीन काळीच.

"आता? बीप?"

"नाही."

सोनल म्हणाली, "मेमरी नीट बसली नसती तर मशीन ओरडलं असतं, काका. आवाजच नाही म्हणजे मेन बोर्ड गेलेला दिसतोय. मी नवीन मशीन मागवते. आठवडाभर लागेल. तोपर्यंत हातानेच लिहावं लागेल."

"चालेल," जब्बार म्हणाला. त्याला खरंच चालणार होतं.

"एकदा शेवटचं बघू या. फोन स्पीकरवर टाका आणि डब्याजवळ ठेवा. मग बटण दाबा. पंखा कसा फिरतोय ते मला ऐकू दे."

त्याने फोन उघड्या डब्याच्या कडेला ठेवला आणि बटण दाबलं.

"काका!" सोनल लगेच म्हणाली. "अहो, वाजतंय की!"

"काय वाजतंय?"

"बीप. लांब बीप, थांबून थांबून. मला इथे फोनवर ऐकू येतंय."

जब्बार वाकला. कान डब्यापाशी नेला. पंख्याची घरघर होती, त्यापलीकडे काही नाही. त्याला वाटलं, मुलीच्याच फोनमध्ये काहीतरी घोटाळा असेल. दारात दापोड्याचा दामू बसला होता, कंपनीचा वॉचमन. जब्बारने त्याला हाक मारली.

"दामू, इकडे काही वाजतंय का?"

दामू जागचा उठलाही नाही. "कवाचा वाजतंय, शेट. मना वाटला, तुमीच वाजवतांव."

दारापासून टेबल चांगलं लांब होतं. जब्बारने दामूकडे पाहिलं, मग डब्याकडे. कान पुन्हा जवळ नेला, इतका की पत्रा गालाला लागला. पत्र्याचा थंडपणा कळला. आवाज नाही.

"काका, आहात ना?" सोनलने विचारलं.

"आहे."

"तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

"नाही."

ती आता आधीपेक्षा सावकाश आणि स्पष्ट बोलू लागली. "हरकत नाही. म्हणजे बोर्ड चांगला आहे. मेमरीचाच प्रश्न आहे. वायर काढा. दोन्ही पट्ट्या बाहेर घ्या आणि खाचेत बघा, धूळ आहे का."

त्याने मोबाईलचा टॉर्च मारला. खाचेत कापसाची रुई दबून बसली होती, करडी झालेली, बारीक बारीक. लूम चालू असताना ती सगळीकडे असायची, जेवणातसुद्धा.

"रुई आहे," तो म्हणाला.

"मग तीच आड येतेय. कोरडा, मऊ ब्रश असेल तर हलक्या हाताने काढा. पट्टीच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा, बोट लावू नका. मग बसवा. पट्टीला खालून एक खाच आहे, ती जुळली तरच ती आत जाईल. दोन्ही टोकांना दाबा, कट् असा आवाज…" ती थांबली. "दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप मिटतील. ते बघा."

त्याने तसंच केलं. रुई काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. आधी जुनी पट्टी, मग नवी. अंगठ्याखाली चिमटे मिटलेले कळले. बटण दाबलं.

"एकच छोटं बीप वाजलं," सोनल म्हणाली. "आता स्क्रीन बघा."

स्क्रीन उजळली होती. मेमरी वाढलेली दिसत होती. त्याने एका पार्सलचा नंबर टाकला, पान झटकन उघडलं.

"झालं," तो म्हणाला. "शुक्रिया, बेटा."

"काका," ती फोन ठेवता ठेवता म्हणाली, "कान एकदा दाखवून घ्या."

संध्याकाळपर्यंत गाड्या येत राहिल्या. जब्बारने पार्सलं चढवली, उतरवली. दामू टेम्पोवाल्यावर ओरडत होता. त्याचं तोंड हलताना दिसायचं आणि आवाज मागाहून, अर्धामुर्धा यायचा. हे आजच होतंय की रोजच व्हायचं, ते जब्बारला ठरवता येईना.

घरी बायको इशरतने तांदळाची रोटी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. तो समोर बसला आणि म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

इशरतचा हात थांबला. "काय?"

"बारीक आवाज येत नाहीत. आज कळलं." आणि त्याने कॉम्प्युटरचं सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, तुम्ही बोलायचं टाळता," ती म्हणाली. "जोहाही हेच म्हणते. म्हणते, कारखाना गेल्यापासून अब्बा आपल्यात नाहीत, त्यांना त्रास देऊ नको. म्हणून मी विचारायचंच बंद केलं."

"मलाही तेच वाटायचं," जब्बार म्हणाला. "की मीच आपल्यात नाही."

तिने त्याच्या ताटात कालवण घातलं. मग खाली बघतच काहीतरी बोलली.

"वर बघून बोल."

तिने मान वर केली. "भंगारवाले आले होते त्या दिवशी मी तुमच्या मागे उभी होते. ते लूम तोडत होते. मी म्हटलं, चार ठेवू या. चारच. मागच्या खोलीत लावू, आपण दोघं चालवू. मी दोनदा म्हटलं. तुम्ही वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, तुमचं ठरलंय."

जब्बारला तो दिवस आठवला. हातोडे, कटरच्या ठिणग्या, दारात उभा असलेला ट्रक. पाठीमागे कोणी असल्याचं आठवेना.

"तू आली होतीस?"

"आले होते."

त्याने रोटीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. आत काहीतरी हलेल म्हणून तो थांबला. हललं नाही. पुढचा तुकडा मोडला.

"ऐकलं असतंत तर ठेवले असते?" तिने विचारलं. या वेळी ती मोठ्याने बोलली होती आणि तो तिच्याच तोंडाकडे बघत होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "ठेवले असते कदाचित."

इशरत उठून पाणी आणायला गेली आणि लवकर परत आली नाही.

त्या आठवड्यात ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. एका बंद खोलीत त्याला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं, असं सांगितलं. काचेपलीकडची बाई यंत्रावर बोटं फिरवत होती. तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. सुरुवातीला दाबलं, मग बराच वेळ दाबायची वेळच आली नाही.

डॉक्टरने कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ दाखवली. "लूमच्या खडखडाटात किती वर्षं?"

"लहानपणापासून."

"गेलेलं परत येणार नाही. कानाचं मशीन लावलं तर बायकोचं बोलणं नीट कळेल. दोन्ही कानांना लागेल."

"लावू," इशरत म्हणाली. जब्बारने मान हलवली. मग तेवढं पुरेसं नाही असं वाटून तोंडानेही म्हणाला, "लावू."

खाली रस्त्यावर रिक्षा मिळेना. एक कंटेनर वळणावर अडकला होता आणि मागे सगळ्यांनी हॉर्न लावले होते, ते मात्र त्याला ऐकू येत होते. इशरत त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तिचे ओठ हललेले त्याने पाहिले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"नाही, सांग."

"म्हटलं, चालत जाऊ या. इथे उभं राहून काय करायचं?"

"चल," तो म्हणाला, आणि ती त्याच्या कोणत्याही बाजूला न राहता, त्याला तोंड दिसेल अशी मान वळवून अर्धं पाऊल पुढे चालू लागली.